साहेबाचा पूल आणि आपली पळवाट

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास उगवतात, टाकळा आणि साहेबाची आठवण. कुठे पुलाचा भराव खचला, घाटात दरड आली, नव्या काँक्रीटला भेग पडली, की फोनवर जुन्या दगडी कमानीचा फोटो येऊन पडतो. खालचा मजकूर ठरलेला. इंग्रजांनी बांधलं, शंभर वर्षं झाली, चिरा हलला नाही. आपल्यांनी बांधलं, शंभर दिवस टिकलं नाही. अर्ध्या तासात पलीकडून उत्तर येतं. गुलामी अजून डोक्यातून गेलेली नाही, त्यांनी रस्ते बांधले ते लुटीचा माल न्यायला. मग दोन्हीकडची मंडळी रात्री अकरापर्यंत भांडतात आणि सकाळी त्याच खड्ड्यातून गाडी काढून कामाला जातात. मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला तेव्हा हा सामना फारच रंगला. गंमत अशी, की राजकोटावर उभं राहिलं की समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये काम सुरू झालेला, तीन वर्षांत उभा राहिलेला, साडेतीनशे पावसाळे अंगावर घेतलेला. तो डोळ्यांसमोर असताना टिकाऊ बांधकामाचा दाखला म्हणून आम्हाला आठवला तो साहेब!

माझं म्हणणं सरळ आहे. 'इंग्रजांनी बांधलं म्हणून टिकलं' हे वाक्य चुकीचं आहे, पण त्याची खरी खोड वेगळीच आहे. ते फार सोयीचं आहे. टिकाऊपणा साहेबाच्या रक्तातच होता असं एकदा मान्य केलं की पुढे कोणाला काही विचारायचं उरत नाही. साहेब गेला, टिकाऊपणाही बोटीत बसून गेला, आता आपल्या नशिबी हेच. कंत्राटदाराला याहून चांगला वकील कुठे मिळेल? आणि पलीकडची 'गुलामीची खूण' म्हणणारी मंडळीही त्याच सोयीची गिऱ्हाइकं आहेत, कारण पूल लुटारूंचा ठरला की त्याच्या कठड्यावर उगवलेला पिंपळ उपटायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू, कारण ते बोचणारं आहे. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपूल पुरा व्हायच्या आधीच १६ ऑक्टोबर २०२३ ला कोसळला. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं कॉलेजात गेली तरी काम पुरं झालं नव्हतं. राजकोटच्या पुतळ्याचं अनावरण झालं ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, आणि नऊ महिनेही पुरे व्हायच्या आत तो पडला. फोटो पाठवणाऱ्यांच्या हाती अजून न लागलेला एक पुरावा मीच त्यांना देतो. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटनही ४ डिसेंबरलाच झालं होतं, १९२४ च्या. तोही समुद्राला खेटून, तोही खाऱ्या वाऱ्यात. मांडव्याच्या लाँचमधून उतरलेला माणूस शंभर वर्षं झाली तरी त्याच्याच सावलीतून बाहेर पडतो. एकच तारीख, एकच समुद्र, मग फरक कसला? हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर 'साहेब' हे नाही.

गेटवेची हकिकत नीट पाहण्यासारखी आहे. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले डिसेंबर १९११ मध्ये, आणि ही कमान त्यांच्या आगमनाची आठवण. पण राजा आला तेव्हा कमान होती कुठे? त्याच्या स्वागताला उभी होती ती पुठ्ठ्याची नक्कल. दगडी कमानीचा पायाचा दगड बसला मार्च १९१३ मध्ये, आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये. पुढची चार-पाच वर्षं नुसता भराव आणि समुद्राची भिंत यात गेली. पाया पुरा झाला १९२० मध्ये, आणि उद्घाटनाला १९२४ उजाडलं. राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी! खर्च एकवीस लाख, बहुतेक सगळा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पणजोबांच्या सारा-पट्टीतून. आणि एवढं करूनही पैसे संपले ते संपलेच. समोरून थेट कमानीत येणारा रस्ता व्हायचा होता, तो झालाच नाही, म्हणून आजही कमान रस्त्याला तिरकी उभी आहे. तेव्हा रखडलेली आणि अर्धवट सोडलेली कामं हा स्वातंत्र्यानंतरचा शोध नव्हे. फरक एवढाच, की समारंभासाठी पुठ्ठा आणि टिकण्यासाठी दगड हे त्या लोकांनी दोन वेगळे हिशेब ठेवले. आम्ही समारंभाची तारीख आधी ठरवतो आणि दगडाला त्या तारखेत कोंबतो.

या कमानीचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉल नावाच्या गावी १८७८ मध्ये जन्मला आणि १९०४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, सरकारी आर्किटेक्ट जॉन बेगचा मदतनीस म्हणून मुंबईत आला. त्याच्या पुढच्या कारकिर्दीची नुसती यादी वाचली तरी दम लागतो. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, बॅलार्ड इस्टेट, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. गावाकडच्या डॉक्टरने हात टेकले की आमचा माणूस ज्या केईएमच्या व्हरांड्यात चटई टाकून बसतो, ते केईएमही त्याचंच. तो काही आभाळातून शैली घेऊन आला नव्हता. विजापूरच्या आदिलशाही इमारती त्याने नीट पाहिल्या, गुजरातच्या कमानी पाहिल्या, आणि त्यांतून जे हाताला लागलं ते मालाडजवळच्या खरोडीच्या पिवळट दगडात मांडलं. म्युझियमची स्पर्धा त्याने १९०९ मध्ये जिंकली, इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्धात तिचं लष्करी इस्पितळ झालं आणि म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ मध्ये. गेटवेचं उद्घाटन झाल्यावर दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, विटेट मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत पुरला गेला. वय सत्तेचाळीस. मी हे सांगतोय ते त्याचे गोडवे गाण्यासाठी नाही. या माणसाने बावीस वर्षं एका शहरात काढली आणि त्याच शहरात मेला. त्याची चूक रोज त्याच्याच वाटेत उभी राहिली असती. आज आमच्याकडे ज्या सल्लागार कंपनीने रस्त्याचा नकाशा काढला तिचा माणूस तो रस्ता पहिल्या पावसात बघायला तरी येतो का?

आता महाडला येऊ, कारण या वादाचा खरा निकाल तिथेच लागलेला आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर असताना महामार्गावरचा जुना दगडी पूल वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसट्या आणि आणखी गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. काहींचे देह दूर खाडीत सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. तो पूल होता १९२८ चा. साहेबाचा. आणि त्याच्या शेजारी, त्याच नदीवर, त्याच पुरात, आपल्या बांधकाम खात्याने नंतर बांधलेला दुसरा पूल जागचा हलला नाही. हा फोटो फोनवर का फिरत नाही? वाहून गेलेल्या कमानीचा फोटो काढता येत नाही, एवढंच त्याचं कारण. पडलेलं दिसत नाही, उभं राहिलेलं दिसतं, आणि उभं राहिलेल्यावरून आपण सगळ्या काळाला प्रमाणपत्र देऊन टाकतो. साहेबाच्या काळात बांधलेल्या किती मोऱ्या, किती साकव, किती बंदरांचे धक्के व्हाळात आणि खाडीत गेले याची मोजदाद कोणी ठेवली आहे?

यावर उत्तर ठरलेलं असतं: अहो, त्या पुलाचं आयुष्य संपलं होतं, लंडनहून तसं पत्रही आलं होतं! हे पत्र मी लहानपणापासून ऐकतोय. ते वाशिष्ठीच्या पुलासाठी आलंय, जगबुडीच्या पुलासाठी आलंय, संगमेश्वरच्या शास्त्री पुलासाठी आलंय, आणि वाहून गेल्यावर सावित्रीच्या पुलासाठीही आलं. प्रत्येक गावात ते पाहिलेला एक माणूस असतो, आणि तो नेहमी दुसऱ्याच्या मामाच्या ऑफिसात असतो. खरं-खोटं क्षणभर बाजूला ठेवू. या गोष्टीत कबुली काय आहे ते बघा. पूल आमच्या नदीवर, त्यावरून जातो आम्ही, आणि त्याला तडा गेलाय हे कळवायचं काम मात्र समुद्रापलीकडच्या कुणा फायलीवाल्याचं! महाडच्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला ठीक आहे असं ठरलं होतं, हे सरकारनेच सांगितलं. पत्र लंडनहून यायची गरज नव्हती. तपासणाऱ्याने पुलाखाली उतरून पायाशी बघायला हवं होतं. त्याच महाडला नवा पूल मग सहा महिन्यांच्या आत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे घाईचं काम नेहमी वाईटच होतं असंही नाही. त्या कामावर अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे होते. डोळे असले की हात सरळ चालतात.

साहित्याचा मुद्दा मात्र साहेबाच्या भक्तांपेक्षा आमच्या गवंड्यांना जास्त कळतो. दगडी कमानीत सगळं वजन दाबात असतं. दगड दगडाला रेटून उभा राहतो, मधल्या चावीच्या दगडापासून दोन्ही बाजूंच्या पायापर्यंत. आत लोखंड नाही, मग गंजणार काय? चुना सावकाश धरतो, पण धरल्यावर बारीक तडा स्वतःच भरून काढतो. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळत. उलट काँक्रीटच्या पोटात सळी असते, आणि खाऱ्या हवेतलं मीठ त्या सळीला शोधतंच. वरचं आवरण पातळ राहिलं, वाळू न धुता वापरली, पाणी मारायला कंटाळा केला, की सळी गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. तेव्हा दगड टिकला आणि सळई गंजली यात राष्ट्राच्या स्वभावाचा संबंध काडीचा नाही. हेच इंग्रज १९२० नंतर काँक्रीटकडे वळले तेव्हा काय झालं? मुंबईच्या बीडीडी चाळी आठवा, सरकारच्याच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती होत्या, एकशे साठ चौरस फुटांची खोली. आमच्या गावच्या कित्येक घरांचा दुसरा पत्ता तोच. त्या चाळींच्या छतांतून बाहेर आलेल्या सळ्या पाहत ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी तरी साहेबाच्या काँक्रीटचं कौतुक मला ऐकवू नये.

शिवाय साहेब म्हणजे नेमका कोण? बोरीबंदरचं स्टेशन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, हे खरंच आहे. हा माणूस १८६७ मध्ये बांधकाम खात्यात आला, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं त्याने त्या एका इमारतीला दिली, आणि १९०० मध्ये मुंबईतच गेला. पण त्याच्या हाताखाली कामावर उभे होते सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन, आणि भिंतींवरची ती पानं-फुलं-प्राणी कोरले जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी. याच वैद्यांनी पुढे ताजमहाल हॉटेलचं काम हाती घेतलं. ते पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्सने, आणि कंत्राटदार होते सोराबजी रतनजी. तरी लोकांना ठाऊक असते ती कुणा गोऱ्या आर्किटेक्टची गोष्ट, जो विलायतेहून परत आला, हॉटेल उलट्या तोंडाने बांधलेलं पाहिलं आणि जीव दिला. निव्वळ थाप. पण थापेतही साहेबच नकाशा काढणार आणि एतद्देशीय तो उलटा धरणार, ही वाटणी आम्ही किती प्रेमाने सांभाळली आहे! विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ पासून वीसहून जास्त वर्षं काढली, खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली, आणि हिंदी माणसाला सर्वांत वरची खुर्ची मिळणार नाही हे ओळखून १९०८ मध्ये बाहेर पडले. आणि आमच्या कोकणी माणसाच्या अगदी तोंडातलं नाव घ्यायचं तर भाऊचा धक्का. पिढ्यान् पिढ्या आम्ही बोटीतून तिथे उतरलो, ट्रंका तिथे फोडल्या, चाकरमानी तिथे झालो. तो भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. इंग्रजांनीच सगळं बांधलं म्हणणाऱ्या किती जणांना हे नाव सांगता येईल?

'त्या काळी भ्रष्टाचार नव्हता' हे तर ऐकवत नाही. जोतीराव फुल्यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली होती, आणि इंजिनिअर खात्यात मजुरांच्या घामावर कसा डल्ला मारला जातो यावर त्यांनी जे लिहिलं ते आज एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी मोठ्याने वाचलं तर ओळखीची माणसं उठून जातील. ज्याच्या नावाचं मार्केट मुंबईत दिमाखात उभं राहिलं, त्या आर्थर क्रॉफर्डवर १८८८ मध्ये लाचेच्या आरोपांची चौकशी बसली आणि अखेर त्याची नोकरी गेली; त्याला पैसे चारले म्हणून कबुली दिलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढवली, हा इतिहास शाळेतला आहे. आणि बॅकबे? १९२० मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉईड साहेबाने तिथला अकराशेहून जास्त एकर समुद्र बुजवायला घेतला. समुद्राची भिंत गळायला लागली, टाकलेला भराव वाहून जाऊ लागला, खर्चाचा आकडा फुगला, आणि खुर्शीद नरिमन यांनी हे सगळं चव्हाट्यावर आणल्यावर एका इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन सुटले. समुद्र बुजला तो शेवटी साडेचारशे एकरांच्या आतच. फुगलेला अंदाज, गळकं काम, आणि विचारणाऱ्यावरच खटला. ओळखीचं वाटतंय ना?

आता पलीकडच्या बाजूला वळतो. 'त्यांनी आपल्या सोयीसाठी बांधलं' हे त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि कोकण त्याचा चांगलाच साक्षीदार आहे. घाटांतून रस्ते झाले ते कापूस, मीठ आणि पलटणी ये-जा कराव्यात म्हणून. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर चढली, तिच्या बोगद्यांत हजारो मजूर खपले. पण रत्नागिरी जिल्ह्याला इंग्रजांच्या अख्ख्या राज्यात रुळाचा एक तुकडा मिळाला नाही. त्यांना आमचा माल नको होता, माणसं हवी होती, आणि माणसं बोटीने येतच होती. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या सहांत जवळजवळ एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. तो बोटीने गेला, बोटीने आला, आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली तेव्हा सहाशेवर माणसं बोटीबरोबरच गेली. एवढं मान्य करून मी विचारतो, मग या वास्तू आपल्या नव्हेत असं कसं ठरतं? रत्नागिरीचा थिबा पॅलेस एका कैद्यासाठी बांधलेला, देशोधडीला लावलेल्या ब्रह्मी राजाला ठेवायला. १९१० च्या अखेरीला तो तिथे राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. साम्राज्याच्या निर्दयपणाची इतकी सरळ साक्ष आमच्या किनाऱ्यावर दुसरी नाही. पण त्याच्या विटा आमच्या, मजुरी आमची, पैसा आमचा. तो राखला नाही तर साक्षीदार आपण मारला, साम्राज्य नव्हे.

या बाबतीत महाडनेच देशाला धडा दिलाय, पूल पडायच्या कितीतरी आधी. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांनी १९२३ मध्ये ठराव मांडला, की सरकारी पैशाने बांधलेली किंवा राखलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्याला धरून ठराव केला आणि कागदावर ठेवून दिला. मग मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं कोणी खोदलं, कोणत्या राजाच्या काळात, त्याची जात कोणती, हे त्या ठरावाने विचारलंच नव्हतं. प्रश्न एवढाच होता: सार्वजनिक पैसा लागलाय ना? मग ते सार्वजनिक आहे. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं, पण वस्तू कोणाची हे ठरवायची याहून स्वच्छ कसोटी मला माहीत नाही. तीच कसोटी कमानीला, पुलाला, बंदराला लावून बघा. साहेबाची पाटी गळून पडते आणि गुलामीची खूणही गळून पडते. उरते ती आपली मालमत्ता, आणि मालमत्तेला मालक लागतो.

मालक कसा असतो हे बघायचं तर इंग्रजांकडे जायला नको, कोकण रेल्वेकडे बघा. साहेबाने जे सव्वाशे वर्षांत केलं नाही ते आपल्या लोकांनी १९९० मध्ये हाती घेतलं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत पुरं केलं. नव्वदीहून जास्त बोगदे, सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवलला चौसष्ट मीटर उंच खांबांवरून जाणारी गाडी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य घालवलं, मधू दंडवत्यांनी दिल्लीत ते रेटलं, श्रीधरन यांनी बांधून दाखवलं. म्हणजे आपल्याला येत नाही, हे तर नाहीच. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतरची आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि पन्नासावर माणसं मेली. पुढच्याच वर्षी महाडकडच्या भागात आणखी एक गाडी घसरली. शरमेची गोष्ट होती. पण कटिंगचे उतार कापले गेले, जाळ्या बसल्या, आणि दर पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं वेळापत्रक लागायला लागलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी हळू धावते, आणि धोक्याच्या जागी रात्रभर माणूस बॅटरी घेऊन रुळांवरून चालतो. आम्ही प्रवासी गाडी दोन तास लेट म्हणून शिव्या देतो. त्या अंधारात, डोक्यावर पाऊस घेऊन चाललेल्या माणसामुळे आपण घरी पोचतो हे आम्हाला दिसत नाही, कारण तो खिडकीतून एका क्षणात मागे पडतो.

असा माणूस पूर्वी रस्त्यालाही होता. आमच्या वाडीत एक आजो मैलकुली होते. ठरलेला रस्त्याचा तुकडा त्यांचा. मुकादम महिन्यातून कधी फिरकायचा, पण आजोंना त्यातला प्रत्येक खड्डा नावाने ठाऊक. मृगाच्या आधी पंधरा दिवस ते फावडं आणि कोयता घेऊन गटारं उघडत, मोरीच्या तोंडातला पालापाचोळा काढत, कठड्याच्या सांध्यातली पिंपळाची रोपं मुळासकट ओढत. आमच्या वळणावर जांभ्याची एक मोरी आहे, कमान माणूस वाकून जाईल एवढी, चावीचा चिरा काळाभोर. मी शाळेत असताना एकदा तिच्यात अडकलेली फांदी काढताना त्यांना विचारलं होतं, एवढ्याशा मोरीसाठी एवढी मेहनत कशाला? म्हणाले, "झिला, पाण्याक वाट करून दी. नायतर ता आपली वाट करतला, मगे तुझी वाट लागतली." ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. ज्यांना मोरी साहेबाने टिकवली असं वाटतं, त्यांना मी आजोंचं फावडं दाखवतो. ते अजून त्यांच्या नातवाच्या गोठ्यात आहे, पातं झिजून अर्धं झालेलं.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव कोरलेलं आहे: 'सेवेचे ठायी तत्पर'. भिंतीवर वर नाही, जिथे पाय पडतात तिथे. आमच्या कोनशिलांवर मंत्री असतात, साहेबाच्या कोनशिलांवर गव्हर्नर असायचे. हाताने काम केलेल्याचं नाव दोन्हीकडे नाही. हल्ली रस्त्याच्या तोंडाशी निळा फलक लावतात, त्यावर कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार आणि 'दोष दायित्व कालावधी' असतो. म्हणजे या मुदतीत रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचा. वाचणारा असेल तर हा फलक शंभर दगडी कमानींच्या तोडीचा आहे. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तक मागता येतं, ग्रामसभेत विचारता येतं. साहेबाच्या रयतेला यातलं काहीच नव्हतं.

गेल्या जुलैत आमच्या वळणावर पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं. नव्या कामात गटार मोरीच्या दहा फूट अलीकडे येऊन संपवलंय, आणि मोरीचं तोंड भरावाखाली गेलंय. आम्ही तिघे-चौघे फावडी घेऊन गेलो. भराव उकरल्यावर आत हात घातला तर कमान जागच्या जागी होती, चावीचा चिरा थंडगार. फलक शोधला, सापडला. कंत्राटदाराचं नाव आणि मुदतीची ओळ यांच्यावर नेमका कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ताणून बांधलेला. माझ्या शेजाऱ्याने कोयत्याने सुतळी कापली, फ्लेक्सची घडी केली, "म्हशीक पागोळ्यांसाठी बरो पडतलो" म्हणाला, आणि मी खिशातला फोन काढून ती ओळ उतरवून घेतली.